कोरियन हॉटेलात जेवायला जाताय? या चुका टाळा

सोलजवळच्या सुवोनमध्ये नोकरीसाठी आलो, त्याच आठवड्यात मांस भाजून खायच्या एका हॉटेलात एकटाच जाऊन बसलो. मेनूवरच्या फोटोवर बोट ठेवून 'एक' अशी खूण केली. वाढणाऱ्या बाईंनी दोन्ही हातांची फुली करून दोन बोटं दाखवली. मला वाटलं, टेबल दोघांचं आहे म्हणून उठवतायत. मुकाट्याने उठलो आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून कपातले नूडल्स घेऊन खोलीवर गेलो. पुढे कधीतरी कळलं की बाई एवढंच सांगत होत्या, 'दोन मागव.' दोन प्लेटी सांगितल्या असत्या तर त्यांनी हसत बसवून घेतलं असतं.

मेनूवर पदार्थापुढे 'इन्बुन' असा शब्द दिसला की समजा, किंमत माणशी वाट्याची आहे. भाजायच्या मांसाचा एक वाटा साधारण १५० ते २०० ग्रॅमचा, आणि सहसा कमीत कमी दोन वाटे घ्यावे लागतात. निखारे पेटवायचे, जाळी लावायची, पालेभाज्या आणि वाट्या मांडायच्या, हा खटाटोप एका माणसासाठी त्यांना परवडत नाही. ताककाल्बी (मोठ्या तव्यावर परतलेलं तिखट चिकन) आणि मध्ये ठेवलेल्या भांड्यातले रस्से यांचंही तेच. एकटे असाल तर बिबिमबाप (भाज्या घालून कालवायचा भात), किमची-जिगे (किमचीचा, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीचा रस्सा) किंवा कुकबाप म्हणजे रश्शात भात घातलेला वाडगा, असलं काहीतरी देणाऱ्या हॉटेलात जा.

'गोगी नको' म्हटलं की शाकाहारी झालं, असं समजणं

आपली माणसं सगळ्यात जास्त फसतात ती इथे. आई-बाबा महिनाभर राहायला आले होते. आई माळकरी, कांदा-लसूणही चालत नाही. मी 'गोगी प्पे जुसेयो', म्हणजे 'मांस काढून द्या', हे वाक्य पाठ करून ठेवलं होतं. किमबाप (समुद्री शेवाळाच्या पापडीत गुंडाळलेला भात) आला तो हॅमची पट्टी घातलेला. चूक माझी होती. 'गोगी' म्हटलं की तिथल्या माणसाच्या डोळ्यासमोर बीफ-पोर्कचे तुकडे येतात. हॅम, मासे, कोळंबी यांची नावं वेगळी सांगावी लागतात. अंडं नको असेल तर 'केरान' हा शब्दही लक्षात ठेवा.

त्याहून अवघड प्रकरण म्हणजे न दिसणारं मांस. बहुतेक रश्शांचं पाणी 'म्योल्ची' उकळून केलेलं असतं. म्योल्ची म्हणजे आपल्या मांदेलीच्या जातकुळीतली छोटी सुकी मासळी. तेन्जांग-जिगे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा रस्सा, वाटीत नुसतं टोफू आणि भोपळा दाखवतो, पण चव त्या मासळीची असते. किमचीचंही तेच. थंडीच्या तोंडावर घरोघरची, शेजारपाजारची माणसं जमून वर्षाची किमची घालतात, त्याला किमजांग म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने त्याची वारशाच्या यादीत नोंद केली. आपल्याकडच्या उन्हाळी वाळवणाचीच आठवण येते. पण त्या मसाल्यात जवळ्यासारखी बारीक खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क बहुतेकदा जातोच. पुण्यात, मुंबईत कोरियन हॉटेलात गेलात तरी किमचीबद्दल हा प्रश्न विचारायला विसरू नका. तिथे इंग्रजीत विचारता येतं, एवढीच सोय. रांजणगावच्या एलजीसारख्या कारखान्यांमुळे पुण्यात कोरियन कुटुंबं आली. त्यांच्यासाठी चालणाऱ्या हॉटेलांत किमची घरच्यासारखीच घालतात, म्हणजे मासळीसकट.

बिबिमबापमध्ये वरचं मांस आणि अंडं काढून मिळतं, पण सोबतची लाल गोचुजांग चटणी कधीकधी बीफचा खिमा घालून परतलेली असते. ती वेगळ्या वाटीत मागा, बघा, मग घाला. बाजारातल्या बिन्देत्तोकने तर मला पहिल्यांदा घरचीच आठवण करून दिली. भिजवलेले मूग वाटून तव्यावर जाड धिरडं घालतात, अगदी आपलंच! सोलच्या क्वांगजांग बाजारात ते दगडी जात्यावर दळताना दिसतं. पण त्यातही पोर्क असू शकतं, तेव्हा आधी विचारा.

मग माळकऱ्याने खायचं काय? बौद्ध मठांचं जेवण, 'साचाल उमशिक'. त्यात मांस-मासे तर नसतातच, शिवाय लसूण, पात आणि त्यांचे भाऊबंद अशा पाच उग्र भाज्याही वर्ज्य. सोलमध्ये जोग्येसा मंदिरासमोर बाल्वू गोंग्यांग नावाचं असं हॉटेल आहे. आधी जागा राखून ठेवा आणि खिसा बघून जा. आईने तिथे महिन्यातलं पहिलं निवांत जेवण केलं. उन्हाळ्यात गेलात तर कोंगगुक्सूही शोधा: सोयाबीनच्या दाट, गार दुधात नूडल्स, वर मीठ घालून घ्यायचं. सोबत येणारी किमची तेवढी बाजूला सारायची.

मांसाहारी असून बीफ न खाणाऱ्यांनी 'सो' आणि 'ताक' हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. सो म्हणजे गाय, ताक म्हणजे कोंबडी. (हो, ताक. बाबा पहिल्या दिवशी जेवणानंतर ताक मागायला निघाले होते.) बुलगोगी (मुरवून भाजलेले मांसाचे पातळ काप) आणि काल्बी (बरगडीचं मांस) सहसा बीफचीच असतात. नेंगम्योन या गार नूडल्सचं पाणीही बहुतेकदा बीफचं, जरी वाडग्यात बर्फ, काकडी आणि पेअरच दिसत असली तरी.

बांचान बघून घाबरणं, किंवा हावरटपणा करणं

न मागता सहा-सात वाट्या टेबलावर आल्या की नवखा माणूस बिलाच्या धास्तीने त्यांना हात लावत नाही. या बांचानचे, म्हणजे तोंडीलावण्यांचे, पैसे लागत नाहीत. पालक, मोडाची कडधान्यं, मुळा, बटाटा, जे संपेल ते पुन्हा मिळतं. वाटी उचलून 'डॉ जुसेयो', म्हणजे 'आणखी द्या', म्हणायचं. पुष्कळ ठिकाणी कोपऱ्यात स्वतःच घ्यायची सोय असते, पाणीही तसंच. मात्र पानात टाकायचं नाही. आईला हे सांगावं लागलं नाही.

बोलवायचं कसं? टेबलाच्या कडेला घंटीचं बटण असतं, ते दाबा. नसेल तर 'यॉगियो' म्हणजे 'इकडे' अशी हाक मारा. जुन्या, घरगुती खानावळीत वाढणाऱ्या बाईंना लोक 'इमो' म्हणतात. इमो म्हणजे चक्क मावशी, आईची बहीण. मेसच्या मावशींच्या हातचं जेवून वाढलेल्या मला त्या शब्दाने परकेपणा निम्मा कमी केला. चमचे-काड्या सापडत नसतील तर टेबलाखालचा खण उघडा. आणि गोल स्टूलचं झाकणही: आत कोट, पिशवी ठेवायची, म्हणजे धुराचा वास लागत नाही.

जाळीवर कोशिंबिरीसारखी ढवळाढवळ

मांस सारखं उलटपालट केलं की रस गळून जातो आणि चामडं उरतं. साम्ग्योपसाल, म्हणजे पोर्कचा पोटाकडचा भाग, एक बाजू नीट तांबूस झाल्यावर एकदाच उलटा, मग कात्रीने तुकडे करा. तवा उतरता असेल तर चरबी जिथे वाहते तिथे किमची ठेवा. मुरवलेलं मांस आधी घेऊ नका, त्यातली साखर जळून जाळी काळी होते. साधं आधी, मुरवलेलं नंतर. जाळी करपलीच तर 'बुल्फान कारा जुसेयो' म्हणा, बदलून देतात. आणि मावशी स्वतः चिमटा घेऊन आल्या तर निमूट बाजूला व्हा.

मांसाबरोबर भात आपोआप येत नाही, तो वेगळा मागायचा. तिथली बरीच मंडळी आधी मांस लेट्यूससारख्या हिरव्या पानात गुंडाळून खातात आणि भात किंवा नेंगम्योन शेवटी घेतात. पानाचा घास एकाच वेळी तोंडात गेला पाहिजे, म्हणून तो लहान बांधा. मी पहिला घास विड्याएवढा बांधायच्या ऐवजी पुरणपोळीएवढा बांधला होता.

बिबिमबापचा अर्थच 'कालवलेला भात'. वरची भाज्यांची नक्षी मोडायला जीव धजावत नाही, पण चमच्याने तळापासून कालवायचाच. तापलेल्या दगडी वाडग्यात असेल तर थोडा थांबून, म्हणजे खाली खरपुडी धरते.

भाताची वाटी हातात उचलू नका, टेबलावरच ठेवून चमच्याने खा. काड्या भातात उभ्या रोवू नका, पितरांपुढच्या उदबत्त्यांसारखं दिसतं. टेबलावरचं थोरलं माणूस सुरुवात करेपर्यंत थांबा. सोजू (तिथली दारू) स्वतःच्या पेल्यात स्वतः ओतायची नसते, मोठ्यांना दोन्ही हातांनी ओतायची.

उष्ट्याचं काय? एकाच भांड्यात सगळ्यांचे चमचे जातात, हे आपल्याला खटकतं. तोंड वाकडं करण्याऐवजी 'अप्चॉप्शी' मागा, छोटी बशी देतात. डावाने आपल्यापुरतं आधीच वाढून घ्या. कोणी वाईट वाटून घेत नाही.

दुपारी ३ ते ५ बरीच हॉटेलं बंद असतात, म्हणून उशिरा जेवायची आपली सवय तिथे उपाशी ठेवते. टिप ठेवायची नाही; मी एकदा ठेवली, तर बाई पैसे विसरलात म्हणून रस्त्यापर्यंत धावत आल्या. बिल टेबलावर मागायचं नाही, उठून गल्ल्यावर द्यायचं. जाताना 'चाल मगॉस्सुम्निदा', म्हणजे 'पोटभर जेवलो', म्हणायचं. गल्ल्याशेजारी गोड कॉफीचं छोटं यंत्र असतं, बहुतेक ठिकाणी फुकट. बाबांनी तिथे तीन कप घेतले, आणि इमोंनी चौथा स्वतः भरून दिला.