नाव मोठं, पण भाव किती? अमेरिकेतल्या ऑफिसात फँटसी फुटबॉलचा पहिला ड्राफ्ट

ऑगस्टचा दुसरा पंधरवडा लागला की इथल्या ऑफिसांत एक ईमेल फिरतो: फँटसी फुटबॉलच्या लीगमध्ये एक जागा रिकामी आहे, कोण येतंय? भारतातून नुकतेच आलेले आपले लोक तो वाचतात आणि पुढच्या ईमेलकडे वळतात. आपला फुटबॉल म्हणजे मेस्सी-रोनाल्डोचा. हा हेल्मेटवाला खेळ पाच सेकंद चालतो नि चाळीस सेकंद थांबतो, कळत काही नाही, मग कशाला उगाच? माझं म्हणणं, नाव द्या. फँटसी म्हणजे खऱ्या खेळाडूंमधून आपला संघ निवडायचा आणि मैदानात ते जे करतील त्याचे गुण आपल्याला. खेळ हळूहळू कळतो. सप्टेंबर ते डिसेंबर दर सोमवारी कॉफी मशीनपाशी ज्या गप्पा रंगतात, त्यात नुसतं हसून उभं राहावं लागत नाही एवढा फायदा तरी पहिल्याच आठवड्यात होतो. शिवाय ज्याला एरवी भेटायला तीन आठवडे आधी वेळ घ्यावी लागते असा डायरेक्टर तुमच्याकडे एक रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा खेळाडू) मागायला स्वतःहून येतो.

मी न्यू जर्सीत बरेच सीझन खेळते आहे. टीममध्ये नवीन आलेली मुलं ड्राफ्टच्या, म्हणजे पाळीपाळीनं खेळाडू निवडण्याच्या, आदल्या दिवशी हमखास विचारतात, "ताई, ओव्हररेटेड कोण, अंडररेटेड कोण, दोन याद्या द्या ना." याद्या मी देत नाही. ऑगस्टमधली यादी पहिल्या दुखापतीला शिळी होते. त्यापेक्षा ज्यांचा निकाल लागून गेला आहे अशी उदाहरणं घेऊन बसलेलं बरं.

आधी क्रिकेटकडे बघू. नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात ऋषभ पंतला लखनौनं २७ कोटींना घेतलं. सीझनभरात त्याच्या धावा झाल्या २६९. त्याच लिलावात आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरला कुणी विचारलंही नाही. पुढे मार्चमध्ये लखनौनंच त्याला बदली खेळाडू म्हणून दोन कोटींत बोलावलं, आणि हैदराबादविरुद्ध त्यानं चार गडी टिपले. यावरून शार्दूल पंतपेक्षा मोठा ठरतो असं कुणी म्हणणार नाही. पण २७ कोटींत काय पदरात पडलं आणि दोन कोटींत काय, हा हिशेब मांडला की चित्र बदलतं. फँटसी ड्राफ्टमध्ये कोटींच्या जागी राऊंड असतात (प्रत्येकानं एकेक खेळाडू उचलला की एक राऊंड), बाकी हिशेब हाच. खेळाडू ओव्हररेटेड नसतो, तो ज्या राऊंडमध्ये जातो तो राऊंड ओव्हररेटेड असतो. "अमका चांगला आहे का?" असं मला विचारू नका, "अमका कितव्या राऊंडला चांगला?" असं विचारा.

ड्रीम इलेव्हन खेळून आलेल्यांना इथे एक सवय मोडावी लागते. तिथे कोहली एकाच वेळी लाखो लोकांच्या संघात असायचा. इथे एक खेळाडू लीगमध्ये एकाच मालकाचा, तोही सीझनभर. तुम्ही घेतला की बाकीच्या अकरा जणांना तो मिळत नाही, म्हणून तर भाव येतो. साधारण लीग १२ जणांची. ड्राफ्ट 'स्नेक' पद्धतीचा, म्हणजे पहिल्या राऊंडला शेवटी असलेला दुसऱ्या राऊंडला पहिला. बाराव्या नंबरच्या माणसाला बारावा आणि तेरावा असे दोन पिक लागोपाठ मिळतात. पहिल्या नंबरवाल्याचा दुसरा पिक थेट चोविसावा.

गुणांचे नियम लीगच्या पानावर असतात आणि ते कुणीही वाचत नाही. तुम्ही वाचा. बहुतेक ठिकाणी धावून किंवा झेलून मिळवलेल्या १० यार्डांना १ गुण, टचडाऊनला, म्हणजे बॉल समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्याला, ६. क्वार्टरबॅकनं (पास फेकणारा मुख्य खेळाडू) फेकलेल्या टचडाऊनला मात्र ४, आणि पासच्या २५ यार्डांना १. लीग पीपीआर असेल तर प्रत्येक झेलाला वर १ गुण. या एका गुणानं भाव उलटेपालटे होतात. जो रनिंग बॅक नुसता धावतो त्याची किंमत उतरते, जो आठ-आठ छोटे झेल घेतो त्याची चढते. पीपीआर लीगसाठी साध्या लीगची यादी उघडून बसलेली माणसं मी दर वर्षी बघते.

आता भाव कुठून कळतो? एडीपी नावाचा आकडा असतो: देशभरातल्या ड्राफ्टमध्ये तो खेळाडू सरासरी कितव्या नंबरला उचलला जातो. हा तुमचा बाजारभाव. पण ड्राफ्टच्या खोलीत लोक त्याहीपेक्षा एका साध्या गोष्टीला शरण जातात, ती म्हणजे ॲपच्या स्क्रीनवरची यादी. घड्याळ साठ-नव्वद सेकंदांचं, खाली लाल आकडे धावतायत, चॅटमध्ये कुणीतरी डिवचतंय. अशा वेळी हात आपोआप सगळ्यात वरच्या नावावर जातो. म्हणून ड्राफ्टच्या दोन दिवस आधी तुमच्या ॲपची यादी आणि एडीपी शेजारी ठेवा. ॲपनं ज्याला खाली ढकललंय पण एडीपीत जो वर आहे, तो तुमच्या खोलीत स्वस्त मिळणार. ही मेहनत अर्ध्या तासाची आहे आणि मला तरी याच्याइतकं उपयोगी दुसरं काही सापडलेलं नाही.

एकच खेळाडू एका वर्षी स्वस्त आणि पुढच्या वर्षी महाग कसा पडतो, हे बघायचं तर तेव्हा मायामी डॉल्फिन्समध्ये असलेला रनिंग बॅक रहीम मॉस्टर्ट घ्या. २०१५ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये, जिथे संघ नवे खेळाडू निवडतात, त्याला कुणी घेतलं नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोत स्थिर होईपर्यंत सहा संघांनी त्याला सोडलं. २०२३ च्या सीझनला तो ३१ वर्षांचा होता, आणि रनिंग बॅकच्या हिशेबात हे वय म्हणजे निवृत्तीचा उंबरठा. त्यामुळे फँटसीत तो उशिराच्या राऊंडपर्यंत पडून राहायचा. त्यानं त्या वर्षी २१ टचडाऊन केले. ज्यांनी घेतला त्यांचं सोनं झालं.

पण त्या वर्षाचे गुण नीट फोडून बघा. धावून काढलेले यार्ड १,०१२, म्हणजे सुमारे १०१ गुण. टचडाऊनचे १२६. यार्ड बऱ्यापैकी दर वर्षी टिकतात, कारण बॉल हातात किती वेळा दिला जातो त्यावर ते असतात. टचडाऊन लहरी. शेवटच्या दोन यार्डांवर बॉल कुणाच्या हाती पडला त्यावर सहा गुण फिरतात. आणखी एक खूण तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. त्या सप्टेंबरात मायामीनं डेन्व्हरला ७०-२० असं धुतलं. मॉस्टर्टचे चार टचडाऊन त्याच दिवशीचे. त्याच सामन्यात डीव्हॉन एचेन या रूकीनंही, म्हणजे पहिल्याच वर्षाच्या खेळाडूनं, चार टचडाऊन केले, वर २०३ यार्ड धावला. वारसदार मैदानातच उभा होता. तरी २०२४ च्या ड्राफ्टमध्ये लोकांनी मॉस्टर्टवर मधल्या राऊंडचे पिक खर्च केले, आणि सीझनभरात त्याचे टचडाऊन झाले दोन. माणूस तोच, एक वर्षानं थोराड झालेला. बदलला तो भाव. गेल्या वर्षीच्या गुणांत अर्ध्याहून जास्त वाटा टचडाऊनचा दिसला की मी ते नाव एक-दोन राऊंड खाली सरकवते. समोरून उडी मारून कुणी घेतलंच तर घेऊ देते.

महाग पडणारी दुसरी जात म्हणजे जिंकणाऱ्या संघाचे चेहरे. नवीन माणसाला जी दोन-चार नावं आधीच ठाऊक असतात, ती हीच. २०२४ मध्ये कॅन्सस सिटीनं १७ पैकी १५ सामने जिंकले. त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सचे पासचे टचडाऊन होते २६. टॅम्पा बेचा क्वार्टरबॅक बेकर मेफिल्ड दहाव्या राऊंडनंतरही सापडत होता, त्याचे ४१. चार-चारनं गुणले तर नुसत्या टचडाऊनमध्ये ६० गुणांचा फरक. सामना जिंकणं आणि फँटसीचे गुण काढणं ही वेगळी कामं आहेत; आघाडीवर असलेला संघ उलट बॉल धरून वेळ काढतो. कॅन्सस सिटीच्याच ट्रॅव्हिस केल्सीचंही तसंच. त्या वर्षी झेल ९७, पण टचडाऊन तीन. गायिका टेलर स्विफ्टशी जोडी जमल्यामुळे नाव घरोघरी पोचलं, त्याचे गुण मिळत नाहीत.

क्वार्टरबॅकबद्दल एक हिशेब लक्षात ठेवा. संघ ३२, तुमच्या लीगला सुरुवातीला लागतात १२. म्हणजे चांगला क्वार्टरबॅक शेवटपर्यंत शिल्लक असतोच. रनिंग बॅक आणि वाइड रिसीव्हर (पास झेलणारे) प्रत्येकाला दोन-तीन लागतात, ते भराभर संपतात. नवी मुलं पहिल्या राऊंडला क्वार्टरबॅक घेऊन खूश होतात, कारण गुणांच्या यादीत तेच वर दिसतात. पण तुमचा क्वार्टरबॅक शेजाऱ्याच्या क्वार्टरबॅकपेक्षा किती वर आहे, ते मोजायचं असतं. (लीगमध्ये दोन क्वार्टरबॅक खेळवायचे असतील तर हा परिच्छेद फाडून टाका.)

दुखापतीला मी ओव्हररेटेडमध्ये धरत नाही. ख्रिश्चन मॅकॅफ्री २०२४ मध्ये सगळ्यांचा पहिला पिक होता आणि चार सामने खेळला. त्याच्या मालकांना चूक म्हणण्यात अर्थ नाही. मात्र ऑगस्टभर "किरकोळ दुखणं आहे, काळजी नको" असं प्रशिक्षक सांगत राहिले आणि पठ्ठ्या सरावाला दिसलाच नाही, तर सरावाला न दिसण्यावर विश्वास ठेवावा.

स्वस्तात मस्त कुठे सापडतं? माझा पहिला शोध कंटाळवाण्या म्हाताऱ्यांचा. टॅम्पा बेच्या माइक इव्हान्सनं २०१४ ते २०२४ अशी सलग ११ वर्षं दर सीझनला हजार यार्ड पार केले, जेरी राइसच्या विक्रमाशी बरोबरी केली. त्याला घेतल्यावर खोलीत कुणी "वा!" म्हणत नाही. सगळ्यांना नव्या रूकीची हौस असते. वर्षानुवर्षं तो त्यामुळेच दोन राऊंड उशिरा मिळत राहिला.

दुसरी जागा म्हणजे नोकरी बदललेला खेळाडू. सेक्वॉन बार्कली जायंट्समध्ये सहा वर्षं कमकुवत फळीमागे (पुढे उभे राहून वाट मोकळी करणारे खेळाडू) धावला. आमच्या ऑफिसात निम्मे जायंट्सवाले, त्यामुळे २०२४ मध्ये तो फिलाडेल्फियाला गेला तेव्हा सुतक होतं. फँटसीत त्याच्यावर शंका अशी की गोल लाइनजवळचे टचडाऊन तिथला क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स स्वतःच ढकलून घेतो. शंका खोटी नव्हती, हर्ट्सनं धावून १४ केलेही. पण पुढची फळी लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी होती, आणि बार्कली २,००५ यार्ड धावला. पहिल्या राऊंडच्या शेवटाला किंवा दुसऱ्याच्या तोंडाला मिळालेला माणूस पहिल्या पिकच्या तोलाचा निघाला. धावणाऱ्याचं नाव बघण्याआधी त्याच्यापुढे कोण उभं आहे ते बघावं.

स्थानिक प्रेमाचाही भाव असतो, त्याचा फायदा घ्या. न्यू जर्सीत जायंट्स-जेट्सचे खेळाडू एडीपीपेक्षा आधी जातात, डॅलसमध्ये काउबॉयजचे. तुम्हाला कुठल्याच संघाचं लहानपणापासूनचं प्रेम नाही, हे या खेळात भांडवल आहे. ते पहिल्या वर्षीच वापरा; पुढे तुम्हीही कुणाचे तरी भक्त होणार.

ड्राफ्ट जितका उशिरा तितका चांगला, म्हणजे लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आधीच्या शनिवार-रविवारी. बातम्या पिकलेल्या असतात. लीग चालवणाऱ्याला तसं सुचवायला लाजू नका. आपली अडचण वेगळी: हा काळ नेमका गणपतीचा. २०२४ मध्ये चतुर्थी शनिवारी ७ सप्टेंबरला होती आणि सीझनचा पहिला रविवार दुसऱ्याच दिवशी. दीड दिवसाच्या विसर्जनाची तयारी चाललेली आणि फोनवर सकाळी साडेअकराला न खेळणाऱ्यांची यादी येते, कारण ती सामन्याच्या दीड तास आधी जाहीर होते आणि रविवारचे पहिले सामने पूर्वेकडच्या वेळेनुसार दुपारी एक वाजता. आरतीआधी संघ लावून मोकळं व्हावं. ड्राफ्टमध्ये किकर आणि डिफेन्स (बचाव फळी) मात्र शेवटच्या दोन राऊंडमध्येच घ्यावेत. त्याआधी घेणाऱ्याकडे खोली बघून हसते.

आणि पहिल्या मंगळवारी झोपू नका. कुणाच्याच संघात नसलेल्या रिकाम्या खेळाडूंवर बोली लागते ती वेव्हरची रात्र. २०२३ मध्ये रॅम्सचा वाइड रिसीव्हर कूपर कप सीझनच्या तोंडावर जायबंदी झाला. त्याच्या वाटचे पास कुणाला जाणार, याचं उत्तर सिअॅटलविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात मिळालं. खऱ्या ड्राफ्टमध्ये १७७ व्या नंबरवर घेतलेल्या रॅम्सच्याच पुका नाकुआनं १० झेल घेतले, ११९ यार्ड. त्याच सामन्यात रॅम्सच्याच कायरन विल्यम्स या रनिंग बॅकनं दोन टचडाऊन केले. त्या मंगळवारी बहुतेक लीगमध्ये दोघंही रिकामे होते. अनुभवी लोक बजेट राखून बसले, "एकच तर सामना झालाय" म्हणत. पुढच्या रविवारी पुकानं १५ झेल घेतले, आणि त्यानंतरच्या मंगळवारी दोघंही कुणाच्या ना कुणाच्या संघात गेलेले होते.