खेड्यात किडनी आणि बीपीची पाहणी: आधी दुसऱ्या भेटीची सोय करा

आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या उत्तरेला, करोंगा जिल्ह्यात मी किडनी आणि बीपीच्या पाहण्यांवर काम केलंय. असा अभ्यास आखणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरला मी आधी एकच विचारते: दुसऱ्या भेटीचे पैसे बाजूला काढलेत का? बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला, तरच तो किडनीचा जुनाट आजार. नुसता ताप आला, दिवसभर उन्हात शेतात राबून अंगातलं पाणी कमी झालं, तरी त्या दिवशीचा रिपोर्ट बिघडलेला येऊ शकतो. एका तपासणीवरून 'गावात इतके टक्के आजारी' असं लिहिणं मला मान्य नाही, कारण त्याच आकड्यांवर पुढे औषधांची मागणी ठरते. हवं तर माणसं कमी घ्या, पण परत जा. पाऊस साधारण डिसेंबर ते एप्रिल असतो आणि तेव्हा रस्त्यांचा चिखल होतो. म्हणून पहिली फेरी मेमध्ये आणि दुसरी सप्टेंबरमध्ये धरा.

परवानगी आधी गावच्या मुखियाची घ्या. मग हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंटला, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी आरोग्य कर्मचाऱ्याला, सोबत घेऊन घरोघरी प्रत्येकाची वेगळी संमती घ्या, तीही चितुंबुका किंवा क्यांगोंडेत, घरात जी बोलली जाते त्या भाषेत. रक्ताचा विषय इथे नाजूक आहे. २०१७ साली दक्षिण मलावीत मुलांजे आणि फालोंबे भागात रक्त शोषणाऱ्यांची अफवा उठली आणि त्यात माणसं मारली गेली. म्हणून गावसभेत मी रिकामी ट्यूब सगळ्यांच्या हातात फिरवते, चमचाभर पाणी त्यात ओतून दाखवते आणि रक्त कुठल्या लॅबमध्ये जाणार, तिथे त्याचं काय होणार, ते सांगते. घाई असली तरी ही सभा गाळू नका.

बीपी घेताना सगळ्यात जास्त गडबड होते. एक आजी पाण्याची बादली डोक्यावरून उतरवून तशाच चटईवर टेकल्या आणि दंड पुढे केला. तेव्हा पट्टा बांधला असता तर आकडा चढाचा आला असता. घडीची खुर्ची आणि छोटं टेबल सोबत न्याच. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, पाच मिनिटं शांत, बोलणं बंद. घट्ट बाही वर गुंडाळू नका, हात बाहेर काढायला सांगा. टेपने दंडाचा घेर मोजून पट्टा निवडा. लहान पट्ट्याने बीपी जास्त दिसतं. तीन वेळा मोजा, पहिला आकडा सोडून उरलेल्या दोनांची सरासरी धरा.

लघवीची बाटली आदल्या संध्याकाळी घरी द्या, म्हणजे सकाळची पहिली लघवी मिळते. लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) आणि क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) यांचं प्रमाण ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर गेलं, तर परत तपासायचं. पाळी चालू असेल तर नमुना पुढे ढकला. मलावी सरोवराकाठी बिल्हार्झिया (पाण्यातून अंगात शिरणाऱ्या जंतांचा आजार) आहे, त्यामुळे लघवीत रक्त आणि प्रोटीन दिसतं. आधी त्याची तपासणी आणि उपचार करा.

किडनीचं काम जोखायला रक्तातल्या एकट्या क्रिएटिनिनवर भिस्त ठेवू नका. ते स्नायूंतून येतं. अंगावर मांस कमी असलेल्या माणसात ते कमीच राहतं आणि किडनी आहे त्यापेक्षा बरी दिसते. मलावी, युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत आयोहेक्सॉल हे द्रव्य टोचून, किडनी ते किती वेगाने बाहेर टाकते यावरून तिचं खरं काम मोजलं गेलं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात क्रिएटिनिनवरून किडनीच्या कामाचा अंदाज काढणारी सूत्रं फाजील चांगला आकडा देताना आढळली. त्यात २००९च्या सूत्रातला कृष्णवर्णीयांसाठीचा गुणक लावलात, तर आकडा आणखी १६ टक्के फुगतो. २०२१च्या सूत्रात तो काढून टाकलाय. निदान काही जणांची तरी सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी करा, ती स्नायूंवर तेवढी अवलंबून नसते.

मधुमेह, वेदनाशामक गोळ्या, एचआयव्ही आणि त्यावरचं, किडनीला त्रास देऊ शकणारं टेनोफोव्हिर हे औषध यांची चौकशी एकांतात करा, सासू-नवऱ्यासमोर कधीच नाही.

निकाल प्रत्येकाच्या हेल्थ पासपोर्टमध्ये, म्हणजे रुग्ण स्वतःजवळ ठेवतो त्या आरोग्याच्या वहीत, लिहून द्या. रुग्णाला पुढे पाठवण्याआधी जवळच्या आरोग्य केंद्रात हायड्रोक्लोरोथायझाइड आणि अम्लोडिपिन ही बीपीची औषधं शिल्लक आहेत का, ते स्वतः जाऊन बघा. नसतील तर औषधांची तरतूद तुमच्या निधीतून करा. १८०/११०च्या वर बीपी असलेल्याला, त्यातही डोकं दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर त्याच दिवशी तुमच्याच गाडीने जिल्हा रुग्णालयात पोचवा. त्या डिझेलचा खर्च बजेटमध्ये वेगळा लिहा.