पहिली स्कूटर १२५ सीसी घेताय? अशी निवडा

माझी मावशी एकावन्नाव्या वर्षी गाडी शिकली. उंची बरोबर पाच फूट. पहिल्या शोरूममध्ये ती गाडीवर बसली तेव्हा तिचे नुसते चवडे जमिनीला टेकत होते. "काकू, होते सवय," असं सेल्समन म्हणाला. सवय होते हे खरं आहे. पण ती होईपर्यंत सिग्नलला थांबायचं कसं, हे त्याने सांगितलं नाही. तेव्हापासून कोणी विचारलं की मी आधी गाडीचं नाव सांगत नाही, काय करून बघायचं ते सांगतो.

आधी लायसन्स

विनागिअरचं लायसन्स अठराव्या वर्षी मिळतं. सोळा ते अठरा वयाच्या मुलांना फक्त ५० सीसीपर्यंतची गाडी चालते, त्यामुळे अकरावीतल्या मुलासाठी १२५ घेऊन ठेवू नका. लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट तीस दिवसांनी देता येते. तो महिना गाडी बघण्यात घालवा.

१२५ च का?

एकट्याने सपाट रस्त्यावर फिरायचं असेल तर ११० पुरते. डबलसीट उड्डाणपूल किंवा कात्रजसारखा चढ रोजचा असेल, तर १२५ चा फरक जाणवतो. त्याच्या वर एरॉक्स १५५ सारख्या गाड्या आहेत. चालवायला छान, पण वजन सव्वाशे किलोच्या घरात. नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बसून बघा, रोजच्या चपलेत

कागदावर टीव्हीएसच्या ज्युपिटर १२५ ची सीट ७६५ मिलिमीटर उंच, त्यांच्याच एनटॉर्कची ७७०, यामाहाच्या फॅसिनोची ७८०. हे आकडे बघून घरबसल्या ठरवू नका. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय तितके वर राहतात. म्हणून कमी उंचीच्या गाडीवरही पाय लटकतात आणि जास्त उंचीच्या, पण निमुळत्या सीटवर नीट टेकतात. दोन्ही पाय निदान अर्धे तरी सपाट टेकले पाहिजेत. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. गुडघ्याला लागतंय का? लागत असेल तर यू-टर्न घेताना रोज लागणार.

इंजिन बंद ठेवून गाडी हलवा

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. नवीन माणसाची गाडी वेगात पडण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडते. दोन गाड्यांच्या मधून मागे ओढताना ती जराशी कलते आणि मग शंभर किलो हाताला आवरत नाहीत. फॅसिनोचं वजन ९९ किलो, एनटॉर्कचं ११८ च्या आसपास. एकोणीस किलो म्हणजे थोडाथोडका फरक नाही.

शोरूमच्या बाहेर गाडी दहा पावलं मागे ओढा, उतार असेल तर थोडी चढावर ढकला. मग डबल स्टँडवर लावा. डावा हात हँडलवर, उजवा मागच्या दांडीवर. उजव्या पायाने स्टँड दाबा, त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागले असं जाणवलं की अंगाचं सगळं वजन त्या उजव्या पायावर टाका. गाडी आपोआप मागे सरकून वर चढते. हाताने उचलायला गेलात तर कंबर धरेल. हे तीन प्रयत्नांत जमलं नाही, तर ती गाडी तुमच्यासाठी नाही.

ट्रायल हळू घ्या

पिकअप कुठलीही १२५ दाखवते. तुम्ही चालण्याच्या वेगाने गाडी सरळ जाते का ते बघा: थोडी रेस द्यायची आणि डाव्या ब्रेकवर हलका दाब ठेवायचा. १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक स्कूटरना कॉम्बी ब्रेक असतो, म्हणजे डावा दाबला की मागच्या चाकाबरोबर पुढचंही धरतं. उजवा फक्त पुढचा. वळताना, बारीक खडीवर उजवा जोरात दाबू नका, पुढचं चाक लगेच सरकतं. मी स्वतः असाच पडलो आहे, ढोपराची खूण अजून आहे.

एक फेरी घरच्या माणसाला मागे बसवून स्पीडब्रेकरवरून घ्या. पुढचं चाक बारा इंची हवंच. खड्ड्यात दहा इंची चाक जास्त आपटतं. मागचं बऱ्याच गाड्यांना दहाच असतं, एनटॉर्कला दोन्ही बारा.

डिकीबद्दल एवढंच, की स्वतःचं हेल्मेट न्या आणि घालून बघा. ज्युपिटर १२५ ची डिकी ३३ लिटरची आहे, शिवाय पेट्रोल पुढून भरता येतं. पंपावर सीट उचलायला लागत नाही, ही सोय आधी किरकोळ वाटते, पावसाळ्यात कळते.

किंमत ऑन-रोडच विचारा

म्हणजे कर, नोंदणी, विमा सगळं धरून, आणि एकेक रक्कम लिहून घ्या. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा) पाच वर्षांचा घ्यावाच लागतो, पण तो त्याच शोरूममधून घ्यायची सक्ती नाही. बाहेर भाव काढून मग बोला. आमच्या कोटेशनमध्ये गार्ड, सीट कव्हर आणि मॅट न विचारता धरलं होतं. मावशीने शांतपणे पेन मागितलं आणि तिन्ही ओळी खोडल्या. त्यातून वाचलेल्या पैशात आयएसआय मार्कचं चांगलं हेल्मेट घ्या.

गाडी ताब्यात घेताना चॅसी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला) कागदांशी ताडून बघा आणि उत्पादनाचा महिना विचारा.

मावशीने शेवटी फॅसिनो घेतली. कागदावर सीट तिच्या यादीत सगळ्यात उंच, पण तिचे पाय टेकले ते हिच्यावरच आणि डबल स्टँड पहिल्या फटक्यात लागला. पहिले तीन रविवार ती सकाळी साडेसहाला शाळेच्या मैदानावर आठचा आकडा काढत होती. चौथ्या रविवारी मंडईत गेली आणि येताना फुटबोर्डवर भाजीची पिशवी होती.