लहान मुलांना घेऊन जर्मनीला निघताय? या चुका टाळा

पुण्याहून, नाशिकहून आणि अलीकडे छत्रपती संभाजीनगरहूनही बरीच तरुण कुटुंबं जर्मनीला निघाली आहेत. ऑफर लेटर हातात पडलं की ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणारा राहण्या-कामाचा परवाना, पगार, टॅक्स क्लास म्हणजे कर कापण्याचा गट यांवर रात्ररात्र चर्चा होते. घरातल्या तीन आणि सात वर्षांच्या मुलांचं काय, हा प्रश्न मात्र "लहान आहेत, रुळतील" एवढ्यावर मिटतो. मुलं रुळतात हे खरंच आहे. पण ती किती दिवसांत आणि किती रडून रुळतात, हे आई-बाबांनी निघण्याआधी काय ठरवलं त्यावर बरंचसं अवलंबून असतं. इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, ओळखीच्या घरांमध्ये जे पाहत आले त्यावरून सांगते, बहुतेक चुका एकाच मुळातून येतात. सगळा बेत नोकरीच्या जॉइनिंग डेटवर आखला जातो आणि मुलांचं वर्ष कधी सुरू होतं हे कुणी बघतच नाही.

सगळ्यांनी एकाच दिवशी निघणं

जर्मनीत बालवाडी आणि पाळणाघर यांचं काम मिळून 'किटा' करते. मोठी मुलं शाळेत गेली की किटातल्या जागा मोकळ्या होतात, म्हणजे राज्यानुसार ऑगस्ट किंवा सप्टेंबरमध्ये. पहिला वाढदिवस झालेल्या प्रत्येक मुलाला 1 ऑगस्ट 2013 पासून अशा जागेचा कायदेशीर हक्क आहे. तरी मोठ्या शहरांत जागा कमी आणि रांग मोठी असते. तुम्ही फेब्रुवारीत तीन वर्षांचं मूल घेऊन पोहोचलात, तर ते सप्टेंबरपर्यंत घरीच राहण्याची शक्यता बरीच आहे. तेही हिवाळ्यात, तात्पुरत्या फ्लॅटमध्ये, जिथे संध्याकाळी पाच-साडेपाचलाच अंधार पडायला लागतो.

माझं स्पष्ट मत आहे की नोकरी ज्याची किंवा जिची आहे, त्यांनी आधी एकट्याने जावं. कायमचं घर शोधावं, पत्त्याची नोंदणी म्हणजे 'आनमेल्डुंग' करून घ्यावी, किटांना अर्ज करून ठेवावेत. बाकीच्यांनी जून-जुलैत यावं. तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो, खेळाची मैदानं भरलेली असतात आणि भाषा येत नसली तरी घसरगुंडीवर ओळखी होतात. ही ताटातूट दोन-तीन महिन्यांपेक्षा लांबवू नका. चार वर्षांच्या मुलाला रोजचा व्हिडिओ कॉल पुरत नाही.

आता याच विषयातली जी चूक सगळ्यात महाग पडते ती सांगते. आई आणि बाबा दोघंही एकाच महिन्यात नोकरीवर रुजू होतात. किटा मिळाली तरी मुलाला पहिल्या दिवशी दारात सोडून जाता येत नाही. 'आइनगेव्योनुंग' नावाचा रुळवण्याचा काळ असतो. बर्लिन मॉडेल म्हणून जी पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात, तिच्यात पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत वर्गातच बसतात. चौथ्या दिवशी काही मिनिटांसाठी बाहेर जाऊन बघतात, आणि मूल शांत राहिलं तर हा वेळ हळूहळू वाढवतात. यात काही आठवडे जातात. भाषा न कळणाऱ्या मुलाला थोडे जास्तच लागतात. एवढे दिवस दोघांपैकी एकाने मोकळं राहायलाच हवं, आणि ते नोकरीच्या करारावर सही करण्याआधी ठरायला हवं. आणखी एक कळकळीने सांगते. मूल खेळात रमलंय असं पाहून गुपचूप सटकू नका. आपल्याकडे असं सर्रास करतात, पण इथे किटातल्या ताई तुम्हाला थांबवतील आणि त्यांचंच बरोबर आहे. "मी जाते, जेवण झालं की येते" असं सांगून जा, आणि खरंच तेव्हाच या.

वर्षाच्या मध्येच येऊन पोहोचला असाल तर एकाच किटाच्या उत्तराची वाट बघत बसू नका. शहराच्या युवक कल्याण कार्यालयात, म्हणजे 'युगेन्डाम्ट'मध्ये, 'टागेसमुटर'ची यादी मागा. या बायका आपल्या घरी चार-पाच लहान मुलं सांभाळतात आणि त्यांना त्याचा परवाना असतो. पालकांनी एकत्र येऊन चालवलेल्या छोट्या किटांनाही विचारा. ऑनलाइन अर्ज भरल्यावर प्रत्यक्ष जाऊन भेटा. मोडक्या जर्मनमध्ये बोललात तरी चालतं, तोंडओळख झालेल्या कुटुंबाला फोन लवकर येतो.

"लहान आहे, भाषा पटकन शिकेल"

तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे बहुतेक खरं ठरतं. नऊ वर्षांच्या मुलाला तेच वाक्य लावलं की घोटाळा होतो, कारण जर्मनीत बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीलाच संपते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ती सहावीपर्यंत असते. त्यानंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत जातात, आणि विद्यापीठाकडे नेणारी थेट वाट 'गिम्नाझियुम'मधून जाते. बव्हेरियात त्यासाठी चौथीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली लागते. तिथे 1 हा सगळ्यात चांगला आणि 6 हा सगळ्यात वाईट गुण, हेही आधीच लक्षात ठेवा. नाहीतर पहिलं प्रगतिपुस्तक बघून उगाच आनंद व्हायचा. बऱ्याच राज्यांत शेवटचा निर्णय पालकांचा असतो, पण शिक्षकांच्या शिफारशीचं वजन सगळीकडेच असतं.

आता तिसरीच्या मध्यावर आलेल्या मुलीचा विचार करा. पुण्यात तिला गणितात पैकीच्या पैकी मिळायचे. इथे गणितही शाब्दिक उदाहरणांतून येतं आणि ते वाक्यच तिला कळत नाही. वर्ष-दीड वर्षात तिच्याबद्दल शिफारस लिहिली जाणार असते. मूल हुशार आहे की नाही हा इथे प्रश्नच नाही, तिला वेळ किती मिळाला हा आहे.

म्हणून मूल सात-आठ वर्षांचं असेल तर जाण्याचा निर्णय एक वर्ष पुढे ढकलू नका, जमलं तर अलीकडे आणा. राज्य निवडायची संधी असेल तर शाळेची रचना बघून निवडा. निघण्याआधी सहा महिने मुलाला जर्मनची शिकवणी लावा, पुण्यात तर मॅक्स म्युलर भवन आहे आणि जर्मन शिकवणारे अनेक जण आहेत. पोहोचल्यावर नव्याने आलेल्या मुलांसाठीचा भाषावर्ग मागून घ्या. बर्लिनमध्ये त्याला 'विलकोमेनक्लास' म्हणतात, बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये 'फोरबेराइटुंग्सक्लास'. शाळेने एक इयत्ता मागे बसवायचं सुचवलं तर त्यात कमीपणा मानू नका, बऱ्याचदा ती मुलासाठी सोयच असते. गिम्नाझियुम चुकलं तरी पुढे 'रेआलशूल' या मधल्या पातळीच्या शाळेतून वरच्या शाळेत जाता येतं, शिवाय काही राज्यांत सगळ्यांना एकत्र शिकवणारी 'गेजाम्टशूल' असते. फक्त हे सगळं पालकसभेत चौथीत पहिल्यांदा ऐकू नका.

घरी शिकवू आणि वर्षभराने शाळेत घालू, असा विचार कुणाच्या मनात असेल तर तो सोडून द्या. शाळेत जाणं इथे सक्तीचं आहे, घरी शिकवायची मुभा नाही.

घरात मराठी बंद करणं

हे बघताना मला सगळ्यात वाईट वाटतं. किटातल्या ताई म्हणतात, मूल अजून बोलत नाही. लगेच आई-बाबा घाबरून घरातही जर्मन किंवा इंग्रजी बोलू लागतात. म्हणजे दिवसभर परक्या भाषेत गेलेलं मूल संध्याकाळी घरी येतं आणि तिथेही आईच्या तोंडून तुटक, चाचपडत बोललेली वाक्यं ऐकतं. नव्या भाषेत उडी घेण्याआधी कित्येक मुलं काही महिने गप्प राहतात. ती ऐकत असतात, साठवत असतात. त्यांना जर्मन किटात मिळणार आहे. घरातून त्यांना हवी असते भरभरून, चुका न करता, रागावता आणि लाड करता येणारी भाषा. बालरोगतज्ज्ञ आणि बालवाडीच्या शिक्षिकाही घरी आपलीच भाषा बोला असंच सांगतात.

म्यूनिकसारख्या शहरात महाराष्ट्र मंडळ आहे. तिथे गणपतीला, दिवाळीला मुलांना जरूर न्या. आपली भाषा आई-बाबांखेरीज इतर मुलंही बोलतात, हे त्यांना दिसायला हवं.

मूल घरात मराठीतही बोलेनासं झालं, झोप उडाली, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं आणि हे आठवड्यांमागून आठवडे चाललं, तर मात्र "होईल ठीक" म्हणत बसू नका. बालरोगतज्ज्ञांकडे जा.

कागदपत्रं आणि लशींची फाइल शेवटच्या आठवड्यात उघडणं

आपल्याकडे महापालिकेचा जन्मदाखला पुष्कळदा बाळाचं नाव न घालताच काढलेला असतो, नंतर नाव टाकायचं राहून जातं. व्हिसाच्या वेळी हे उघड झालं की पळापळ होते. आईचं नाव ही दुसरी अडचण. दाखल्यावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, आणि काही घरांत तर लग्नानंतर पहिलं नावही बदललेलं असतं. ती एकच व्यक्ती आहे हे जर्मन कारकुनाला आपोआप कळणार नाही. दुरुस्ती आपल्या वॉर्ड ऑफिसात होते, त्यामुळे ती भारतात असतानाच करून घ्या. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. तो वर्षभरात संपणार असेल तर नवा काढूनच निघा, कारण राहण्याच्या परवान्याची मुदत पासपोर्टच्या मुदतीपुढे जात नाही.

लशींचं कार्ड त्याहून नाजूक. 1 मार्च 2020 पासून जर्मनीत गोवरविरोधी कायदा लागू आहे. किटात जायचं तर एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला गोवरच्या एका डोसचा आणि दोन वर्षं पूर्ण झालेल्याला दोन डोसांचा पुरावा लागतो. मुलाला दोन्ही डोस मिळालेले असतात, पण कार्डावर डॉक्टरांचं न लागणारं अक्षर आणि लशीचं फक्त भारतीय ब्रँडचं नाव असतं. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून टाइप केलेली यादी घ्या. तारीख, कोणत्या आजाराची लस, कितवा डोस, सही आणि शिक्का. बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, दिल्याचा उल्लेख त्यात हवाच. जर्मनीत ती लस 1998 पासून शिफारशीत नाही, त्यामुळे दंडावरचा व्रण पाहून प्रश्न येतात, आणि बीसीजी घेतलेल्यांत क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी सकारात्मक दिसू शकते.

आजी-आजोबा सांभाळतील, असं गृहीत धरणं

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांकडे आई-वडील सहा-सहा महिने राहून येतात, हे बघून जर्मनीचाही तसाच बेत होतो. शेंगेन, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक, व्हिसावर मात्र कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, आणि किमान 30,000 युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. ही मोजणी प्रत्येक माणसाची वेगळी असते. त्यामुळे एकीकडचे आजी-आजोबा गेल्यावर दुसरीकडचे, अशी पाळी लावता येते. त्यांना किटातल्या पहिल्या हिवाळ्यात बोलवा. त्या हिवाळ्यात मूल सारखं आजारी पडतं, सर्दी-तापाची एक फेरी संपते न संपते तोच दुसरी.

यालाच जोडून विम्याची गोष्ट. सरकारी आरोग्य विम्यात मुलं आणि न कमावणारा जोडीदार जादा हप्ता न भरता येतात. खासगीत प्रत्येक मुलाचा हप्ता वेगळा, आणि नंतर परत सरकारीत येणं अवघड. मूल आजारी असताना घरी थांबण्यासाठी सरकारी विम्याकडून भरपाईही मिळते, 2024 आणि 2025 साली ती प्रत्येक पालकाला दर मुलामागे वर्षाला 15 दिवस होती. तरुण, धडधाकट इंजिनियरला खासगी विमा स्वस्त वाटतो. मुलं असतील तर त्या मोहात पडू नका.

छोट्या, पण पुढे मोठ्या होणाऱ्या गोष्टी

पत्रपेटीवर प्रत्येकाचं आडनाव लावा. आई-बाबांची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही. कर क्रमांकापासून विमा कार्डापर्यंत सगळं टपालाने येतं, आणि नाव दिसलं नाही तर पत्र परत जातं. मुलाचा कर क्रमांक आला की लगेच 'किंडरगेल्ड'चा अर्ज करा. हा बालभत्ता 2025 साली दर मुलामागे महिना 255 युरो होता, जानेवारी 2026 पासून 259 आहे. उशिरा अर्ज केला तर मागचे सहाच महिने मिळतात.

जाडजूड जॅकेट भारतातून आणू नका. किटातली मुलं पावसातही बाहेर खेळतात, त्यांना चिखलात चालणारी 'माचहोझं' म्हणजे पाणी न शिरणारी पँट आणि गमबूट लागतात. ते इथे जुन्या कपड्यांच्या बाजारात स्वस्त मिळतात. घरात गोमांस चालत नसेल, अंडं चालत नसेल, तर किटाला पहिल्याच दिवशी लेखी कळवा.

आणि शाळकरी मूल असेल तर भारताचं स्वस्त तिकीट दिसलं म्हणून लगेच काढू नका. सुट्टी सुरू होण्याआधी दोन दिवस मुलाला परस्पर घेऊन गेलं तर दंड होऊ शकतो. बव्हेरियात सुट्ट्यांच्या तोंडावर विमानतळावर पोलिसांनी शाळकरी मुलांच्या पालकांना अडवून विचारल्याची उदाहरणं आहेत. घरचं लग्न किंवा तसंच मोठं कारण असेल तर मुख्याध्यापकांकडे वेळेत लेखी परवानगी मागा. सुट्ट्यांच्या तारखा राज्याराज्यांत वेगळ्या असतात. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्गची उन्हाळी सुट्टी सप्टेंबरपर्यंत लांबते, त्यामुळे ज्या वर्षी गणपती लवकर येतात त्या वर्षी मुलांना घरच्या गणपतीला नेता येतं. पंचांग आणि शाळेचं कॅलेंडर जानेवारीतच शेजारी ठेवून तारखा काढा.