कोकणी मालाच्या दुकानात काय घ्यावे आणि कसे पारखावे

मुंबई, ठाणे आणि पुण्यातील बहुतेक मराठी वस्त्यांमध्ये कोकणी मालाचे एखादे तरी दुकान असते. त्याच्या दर्शनी फळीवर आंबापोळी, फणसपोळी, काजूची पाकिटे आणि कोकम सरबताच्या बाटल्या मांडलेल्या असतात, आणि नवखे गिऱ्हाईक तेवढेच घेऊन परत फिरते. माझ्या मते अशा दुकानातील खरी खरेदी त्या फळीच्या मागे, पोत्यांत, डब्यांत आणि बिनलेबलाच्या बरण्यांत असते. गोड पदार्थ पाहुण्यांसाठी आणि प्रवासात तोंडात टाकण्यासाठी ठीक आहेत. परंतु आमसूल, आगळ, कुळथाचे पीठ, उकडा तांदूळ, तिरफळे आणि सुकी मासळी या रोजच्या स्वयंपाकातील वस्तू शहरातील साध्या वाणसामानाच्या दुकानात एक तर मिळत नाहीत, किंवा मिळाल्या तरी त्यांत दम नसतो. पिशवीतील बहुतेक जागा आणि खिशातील बहुतेक पैसा त्यांच्यावरच खर्च करावा.

सुरुवात आमसुलापासून करावी, कारण दुकानाची पत त्यावरूनच कळते. कोकमाची फळे एप्रिल-मेच्या सुमारास पिकतात. ती फोडून साले वेगळी करतात, बियांसकट राहिलेल्या गरात मीठ घालून रस सुटू देतात आणि त्या रसात साले बुडवून उन्हात वाळवतात; हीच पुटे पुन्हा पुन्हा दिली की सालीला तो गडद रंग आणि आंबटपणा येतो. पावसाची पहिली सर लवकर आली तर फळही वाया जाते आणि वाळवणही अर्धवट राहते, म्हणून नव्या मालाची चौकशी जूनच्या आरंभी करणे सोयीचे असते. चांगले आमसूल गडद जांभळट-लाल असते, बोटांनी दाबले असता मऊ लागते आणि एकमेकांना किंचित चिकटलेले असते. काळे पडून कडक झालेले आमसूल टाकाऊ नसते, पण ते जुने असते आणि त्याला नव्या मालाचा भाव देऊ नये. सालींवर मिठाचे पांढरे खडे दिसत असतील, तर आपण मिठाचेही पैसे देत आहोत हे लक्षात घ्यावे. शक्य असल्यास एक साल मागून घेऊन जिभेवर ठेवावी: आधी खारटपणा, मागोमाग आंबट आणि शेवटी थोडी तुरट चव लागली पाहिजे. नुसताच खारटपणा लागला, तर पुट नीट दिलेले नाही.

आगळाच्या बाबतीत बहुतेकांची फसगत होते, आणि माझीही झालेली आहे. एका दुकानात 'कोकम' असे म्हणून मी एक बाटली मागितली, लेबल न वाचता घरी आणली आणि दोन नारळांच्या दुधात ओतली. जी गुलाबी, साखरी सोलकढी तयार झाली ती घरातील एकानेही दुसऱ्यांदा तोंडाला लावली नाही. कोकम सरबत किंवा अमृत कोकम म्हणजे साखरेत मुरलेला रस, तर आगळ म्हणजे केवळ मिठावर टिकवलेला घट्ट रस. दोन्ही बाटल्या बाहेरून सारख्याच गडद लाल दिसतात, म्हणून घटकांची यादी वाचणे हाच उपाय. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्यामुळे साखरेचे नाव पहिले असेल, तर ती बाटली सोलकढीसाठी नाही. आगळ असेल तर कोकम आणि मीठ एवढेच असावे. घरी आल्यावर अर्धा पेला पाण्यात चमचाभर आगळ टाकावे आणि त्यात थोडा खाण्याचा सोडा घालावा. फेस येऊन गेल्यावर कोकमाचा स्वाभाविक लाल रंग मावळून निळसर-काळपट छटा येते. पाणी तसेच लालभडक राहिले, तर त्या दुकानातून पुन्हा आगळ घेऊ नये. आणखी एक व्यवहारी सूचना अशी की आगळात मीठ भरपूर असल्याने सोलकढीला वेगळे मीठ शेवटी, चव घेऊनच घालावे. सोलकढीच्या नावातील 'सोल' म्हणजे हीच कोकमाची साल, आणि आगळ संपले असेल तर आमसुले कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून काढलेल्या पाण्याचीही सोलकढी चांगली होते. रंग मात्र जरा फिका येतो.

कुळथाचे पीठ विकत घेताना डोळ्यांपेक्षा नाकावर अधिक भरवसा ठेवावा. कुळीथ भाजून, भरडून, टरफले पाखडून मग दळतात. पिशवी उघडताच भाजल्याचा खमंग वास आला नाही आणि कच्च्या कडधान्याचा वास आला, तर भाजण्यात कसूर झाली आहे, आणि अशा पिठाची पिठी कितीही शिजवली तरी घशात खवखवते. पिठात तुरळक काळसर कण असणे स्वाभाविक आहे. ते फार असतील तर टरफल तसेच दळलेले आहे. एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त घेऊ नये, कारण दोन-तीन महिन्यांत हा खमंगपणा ओसरतो. पिठीची कृती सांगण्यासारखी मोठी नाही: ठेचलेल्या लसणाची आणि मिरचीची फोडणी, त्यावर पाणी, उकळी आल्यावर थंड पाण्यात कालवलेले तीन-चार चमचे पीठ, दोन आमसुले, मीठ. पावसाळ्यात घरात भाजी नसेल त्या दिवशी गरम भातावर ही पिठी असली की कोणी कुरकुर करत नाही.

तिच्यासोबत भात उकड्या तांदळाचा असेल तर उत्तमच. त्यासाठी भात, म्हणजे न सडलेले धान्य, सालीसकट उकडून, वाळवून मग सडतात. त्यामुळे दाणा जाड, लालसर आणि शिजायला हट्टी असतो. नेहमीच्या तांदळाच्या अंदाजाने पाणी घातले तर दाणे टचटचीत राहतात, म्हणून तो तासभर भिजवावा आणि पेजेसाठी वाटीभर तांदळाला आठ ते दहा वाट्या पाणी धरावे. दुकानदाराकडून मूठभर तांदूळ हातात घेऊन दाणे एकाच जातीचे आहेत का ते पाहावे. पांढरे आणि लाल दाणे मिसळलेले असतील, तर ते एकाच वेळी शिजणार नाहीत. पोत्याच्या तळाशी भुकटी साचलेली दिसली, तर सोंडकिड्यांची वस्ती आहे असे समजून पुढे व्हावे.

तिरफळे थोडीच लागतात. पन्नास ग्रॅम वर्षभर पुरतात. उमललेली, बी काढलेली टरफले घ्यावीत, कारण वास आणि जिभेला येणारी झिणझिणी टरफलात असते, आतील काळ्या बीत नाही. बांगड्याच्या किंवा तारलीच्या आमटीत ती जराशी ठेचून अखेरीस टाकतात, वाटणात बारीक वाटत नाहीत. वाटली तर आमटी कडवट होण्याचा धोका असतो.

मालवणी मसाल्याची ठरलेली कृती नाही. घरागणिक, गावागणिक तो बदलतो, म्हणून कोणाच्याही शिफारशीवर किलोभर न घेता आधी शंभर ग्रॅम घेऊन एक मटण किंवा एक काळ्या वाटाण्याची उसळ करून पाहावी. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्यात खोबरे, कांदा आणि लसूण असतात, तर मालवणी मसाल्यात मुख्यतः मिरच्या, धणे आणि खडा मसालाच असतो. कांदा-खोबऱ्याचे भाजलेले वाटण आयत्या वेळी वेगळे घालायचे असते. म्हणूनच तो वर्षभर टिकतो. मिरच्यांना कडक ऊन लागत असल्याने दळण एप्रिल-मेमध्ये होते, आणि जूनमध्ये घेतलेल्या मसाल्याचा रंग आणि वास दिवाळीतल्यापेक्षा नक्कीच सरस असतो. वड्याचे पीठ घ्यायचे असल्यास ते चिमटीत चोळून रवाळ आहे ना एवढे पाहावे.

काजूच्या पाकिटांवर २१०, २४०, ३२० असे आकडे असतात. त्यांचा अर्थ एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, साधारण तितके अख्खे गर बसतात, असा आहे. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. रश्श्यात किंवा बर्फीत वाटूनच टाकायचे असतील, तर अख्ख्या गरांचे पैसे मोजण्यात अर्थ नाही, तुकडा घ्यावा. चवीत दोहोंत फरक नसतो. 'वेंगुर्ल्याचा काजू' या शब्दांवर मात्र लगेच विसंबू नये. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे, परंतु भारतात फोडल्या जाणाऱ्या काजूबियांचा मोठा हिस्सा आफ्रिकेतून आयात होतो, त्यामुळे कारखाना कोकणातला असला तरी बी कोकणातली असेलच असे नाही. बी कुठली, हे सरळ विचारावे. माहीतगार दुकानदार उत्तर देतो, आणि न देणाऱ्याकडून बाकीच्या वस्तू घ्याव्यात. दोन बोटांत धरून गर मोडल्यास तो कटकन आवाज करून फुटला पाहिजे. वाकला तर हवा लागलेली आहे. माझी स्वतःची आवड सालीसकट भाजलेल्या काजूंची आहे, कारण त्यांची किंचित तुरट साल गोडपणाला तोल देते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ओले काजूगरही येतात आणि ते शेकड्याने मोजून विकतात. महाग असतात, पण त्यांच्या उसळीला पर्याय नाही. हंगाम टळला असेल तर सुकवलेले काजूगर घेऊन रात्रभर भिजवावेत.

गोड फळीबद्दल थोडक्यात. फणसपोळी बरक्या, म्हणजे मऊ आणि रसाळ गऱ्यांच्या, फणसाच्या रसाची करतात आणि तळलेले गरे कच्च्या काप्या, म्हणजे घट्ट गऱ्यांच्या, फणसाचे, त्यामुळे एकाची चव दुसऱ्यात शोधू नये. उन्हात थरावर थर देऊन वाळवलेली आंबापोळी तपकिरीकडे झुकते. ती झगझगीत केशरी दिसली तर घटकांच्या यादीत रंगाचे नाव शोधावे. तळलेले गरे घेण्यापूर्वी एक खाऊन पाहावा, आणि तेलाचा खवट वास नाकात भरला तर 'नवीनच आलेत' या आश्वासनाकडे दुर्लक्ष करावे. मालवणी खाजे मात्र मी कधीच टाळत नाही. बेसनाच्या कांड्यांवर आल्याच्या गुळाचा पाक, आणि जत्रेची आठवण फुकट.

सुकी मासळी ज्यांना चालते त्यांनी ती मेअखेरीस भरून ठेवावी, कारण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि त्या दोन महिन्यांत भाव वर जातात. सोडे म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी. ती फिकट नारिंगी, कोरडी आणि अखंड असावी. रंग फार भडक असेल किंवा तुकडेच फार असतील, तर भाव पाडून मागावा. जवळ्यात वाळू राहते, म्हणून तो तळहातावर घेऊन झटकून पाहावा. बोंबील वाकवल्यावर आत ओलसर वाटला तर पावसाळ्यात त्याला बुरशी येणार हे नक्की. घरी आणल्यावर हे सारे आणखी एक दिवस उन्हात घालून, घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे.

बिल करताना सांगून दोन पिशव्या घ्याव्यात. आगळाची बाटली झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून उभी ठेवावी, कारण त्याचा डाग सुती कापडावरून सहजी निघत नाही. परदेशी जाणाऱ्यांनी ती कपड्यांच्या बॅगेत ठेवण्याचे धाडस करू नये, आणि ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणार असल्यास खाण्याची प्रत्येक वस्तू विमानतळावर जाहीर करावी. सोडे आणि जवळा सर्वांत शेवटी, वेगळ्या पिशवीत बांधून घ्यावेत. माझ्या एका फणसपोळीला घरी येईपर्यंत सुकटीचा वास लागला होता, आणि ती शेवटी मीच एकट्याने संपवली.