फिलिस डिलरच्या पद्धतीने विनोदांची पेटी कशी लावायची

वॉशिंग्टनमधल्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक पोलादी कपाट आहे. त्याला ४८ खण, शिवाय नंतर जोडलेले आणखी ३. आत ५२ हजारांहून जास्त कार्डं, प्रत्येकावर टाइप केलेला विनोद, सगळी विषयवार लावलेली. हे कपाट अमेरिकन विनोदी कलाकार फिलिस डिलरचं. ७ मार्च १९५५ला सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘पर्पल अनियन’ क्लबात ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा ३७ वर्षांची होती, पदरी पाच मुलं. दोन आठवड्यांसाठी घेतलेलं काम ८९ आठवडे चाललं. एकट्या बाईने माइकसमोर उभं राहून लोकांना हसवायचं, असं करणाऱ्या तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. २००२ला निवृत्त होईपर्यंत ती टिकली, त्यामागे हे कपाट होतं. ओपन माइकवर, म्हणजे कुणालाही मंचावर येऊन सादर करता येतं अशा कार्यक्रमात, सुरुवात करणाऱ्या कुणालाही त्याची छोटी आवृत्ती घरी लावता येते.

ए-फोर मापाची २५ जाड कार्डशीट घ्या. प्रत्येकाचे आठ सारखे तुकडे करा, म्हणजे १०५ × ७४ मिलिमीटरची २०० कार्डं होतात. ती चपलांच्या खोक्यात उभी राहतात. साधा कागद वापरू नका, तो वाकतो आणि बोटांनी भराभर चाळता येत नाही. फोनमधल्या नोट्स टिपून ठेवायला ठीक, पण बारा विनोद टेबलावर मांडून त्यांचा क्रम बदलून बघणं कार्डांनीच जमतं.

एका कार्डावर एकच विनोद. डाव्या कोपऱ्यात विषय, उजव्या कोपऱ्यात तारीख, खाली तो कुणाचा. ही शेवटची नोंद टाळू नका. डिलर इतर लेखकांकडून विनोद विकत घ्यायची आणि ज्याचा विनोद त्याचं नाव कार्डावर यायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला विनोद पेटीत घालूच नका. सहा महिन्यांनी तो आपलाच वाटायला लागतो आणि प्रेक्षकांतल्या अर्ध्यांनी तो आधीच वाचलेला असतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो वाक्याच्या शेवटाला. धक्का देणारा शब्द, म्हणजे पंच, अगदी शेवटी हवा. मराठीत इथेच गाडी अडते, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं आणि पंच ‘असतं’, ‘होतं’, ‘म्हणाले’ यांच्याखाली दबतो. हे बघा: ‘आमच्या ह्यांना स्वयंपाकघरात गेलं की फक्त ताटच तेवढं सापडत असतं.’ ताट आलं तरी वाक्य चालूच आहे. लोक हसायला तोंड उघडतात आणि पुढचं ऐकायला थांबतात. आता हे: ‘आमच्या ह्यांना स्वयंपाकघरात एकच वस्तू सापडते. ताट.’ दहा शब्दांचे सात झाले आणि शेवटी ‘ट’ आला. वाक्य ‘क’, ‘ट’, ‘प’ अशा फुटणाऱ्या व्यंजनावर संपलं की ते कानावर आपटतं. लांबट स्वरावर संपलं तर विरघळतं. दोन शब्द अर्थाला सारखेच बसत असतील तर कठीण आवाजाचा निवडा. मग कार्ड मोठ्याने वाचा आणि जो शब्द काढूनही विनोद कळतो तो खोडा.

पंच बोलून झाला की तोंड मिटा. ‘म्हणजे बघा ना’ असं पुढे जोडलं तर आलेला हशा आपणच कापतो. हशा चढतो, शिखर गाठतो, उतरायला लागतो. उतरताना पुढचं वाक्य सुरू करायचं. पूर्ण शांत होऊ दिलात तर पुन्हा शून्यापासून चढावं लागतं.

घरच्यांवर विनोद करताना एक पात्र बनवा. डिलरचा मंचावरचा नवरा ‘फँग’ हा पूर्ण काल्पनिक होता. कल्पित नवऱ्याला कितीही आळशी करता येतं, खऱ्याला केलं की घरी जाऊन त्याच्यासमोर बसायचं असतं. तिची लांब सिगारेटदांडीही खोटीच, त्यातली सिगारेट लाकडाची. ती स्वतः ओढत नसे. दिसताक्षणी ओळख पटेल अशी एखादी वस्तू पुरते.

पाच मिनिटांना ४५० ते ५०० शब्द धरा, म्हणजे साधारण १२ ते १५ कार्डं. सगळ्यात पक्कं कार्ड शेवटी, त्याखालोखालचं सुरुवातीला, नवी कार्डं मधे. एका प्रयोगात तीनपेक्षा जास्त नवी नकोत, नाहीतर विनोदच फसला की क्रम चुकला हे कळत नाही.

प्रयोग फोनवर रेकॉर्ड करा आणि त्याच रात्री ऐका. कार्डाच्या मागे ठिकाण, तारीख आणि आकडा लिहा: शांतता ०, थोडे हसले १, सगळे हसले २, टाळी पडली ३. ‘हसले वाटतं’ अशी आठवण धरू नका. मंचावर आपल्याला ओळखीच्यांचंच हसू जास्त ऐकू येतं. एकदा ० आला म्हणून कार्ड फाडायचं नाही. वेगळ्या तीन ठिकाणी ० आला तर ‘दुरुस्ती’च्या खणात टाका. तिथली कार्डं दर महिन्याला काढून आधी फक्त शेवटचा शब्द बदलून बघा, बाकी वाक्याला नंतर हात लावा.