नोकरीत असताना शरीर कायमचं निकामी झालं तर पीएफची पेन्शन कशी मिळवायची (आधी राजीनाम्यावर सही करू नका)

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालन्याच्या स्टील कंपन्या, नाहीतर आपल्याकडचे साखर कारखाने, कुठंही असा, पीएफ कटत असेल तर हे वाचून ठेवा आणि घरातल्या माणसाला पण वाचायला द्या, कारण ज्याच्यावर वेळ येते तो स्वतः फॉर्म भरायच्या अवस्थेत नसतो.

आमच्या दाजींचं सांगतो. वाळूजला एका कंपनीत प्रेसवर होते, 2015 ला लागले. 2024 मध्ये सकाळी आंघोळीला जाता जाता पडले, लकवा, उजवी बाजू पूर्ण गेली. संभाजीनगरच्या घाटी सरकारी दवाखान्यात बरेच दिवस काढले, घरी आणलं, आणि दीड महिन्यानं कंपनीतून माणूस आला तो टाईप केलेला राजीनामा घेऊनच. म्हणे आता काम तर होणार नाही, सही करून टाका म्हणजे पीएफचे पैसे लवकर मोकळे होतील. अक्कानं स्टॅम्प पॅड पण काढून ठेवलं होतं अंगठ्यासाठी. तेवढ्यात तिनं मला फोन केला म्हणून वाचलो. मी म्हणलं अक्का, दाजींचा अंगठा कशावरच लावू नको, मी येतोय.

कारण काय, ते सांगतो. पगारातून पीएफ कटतो तेव्हा मालकाच्या हिश्श्यातले 8.33 टक्के पेन्शन स्कीममध्ये जातात, म्हणजे ईपीएस 95. साधी पेन्शन 10 वर्षं सर्व्हिस आणि 58 वय असल्यावर. हे सगळ्यांना माहीत असतंय. पण त्याच स्कीममध्ये कायमच्या आणि पूर्ण अपंगत्वाची पेन्शन वेगळी आहे, तिला 10 वर्षांची अट नाही, वयाची अट नाही, एक महिन्याचं काँट्रिब्युशन भरलेलं असलं तरी चालतं. आणि अपघात कंपनीतच झाला पाहिजे असं पण नाही. घरी पडा, गाडीवरून पडा, आजारानं होऊ द्या. अट एकच, तुम्ही त्या वेळी जी कामं करू शकत होता त्यातलं कुठलंच आता कायमचं करू शकत नाही आणि हे नोकरीत असताना झालेलं आहे. हे "नोकरीत असताना" सगळ्यात महत्त्वाचं. आधी राजीनामा दिला आणि कागदं नंतर गोळा करत बसला की तारखेवरून भांडण लागतंय.

मग करायचं काय.

आधी ईएसआय बघा, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. कंपनी ईएसआयमध्ये असेल आणि ग्रॉस पगार 21 हजारापर्यंत असेल तर कार्ड असतं. साध्या आजारात वर्षाला 91 दिवस, पगाराच्या 70 टक्के मिळतात. पण लांबच्या आजारांची 34 ची एक यादी आहे, कॅन्सर, टीबी, लकवा वगैरे, त्यात 80 टक्क्यानं दोन वर्षांपर्यंत पैसे मिळू शकतात, त्याला सर्व्हिस दोन वर्षं झालेली लागते आणि ईएसआयचं काँट्रिब्युशन भरल्याचे दिवस पुरेसे लागतात. दाजींना हे कुणीच सांगितलं नव्हतं. चिकलठाण्याच्या ईएसआय हॉस्पिटलला जाऊन सर्टिफिकेट चालू केलं तेव्हा घर चाललं. काम करताना इजा झाली असेल तर वेगळं आहे, त्याला पहिल्या दिवसापासून 90 टक्के, आणि कायमचं नुकसान राहिलं तर मेडिकल बोर्ड टक्का ठरवतो आणि त्या हिशोबानं महिन्याला पैसे येतात. म्हणून अपघाताची नोंद कंपनीच्या रजिस्टरला त्याच दिवशी झाली का ते बघा, तोंडी सांगण्यावर राहू नका.

डॉक्टरांचा कागद. इथंच बहुतेकांचं बिघडतंय. डॉक्टर लिहून देतात "विश्रांतीची गरज आहे", त्याचा काही उपयोग नाही. डॉक्टरांना सांगा की माणूस कसलं काम करत होता, उभं राहून आठ तास प्रेस चालवायचा का ड्रायव्हर होता, आणि ते काम किंवा तो करू शकत होता असं दुसरं कुठलंही काम आता कायमचं करू शकणार नाही असं स्पष्ट लिहून मागा, तारखेसकट. यूडीआयडीचं अपंगत्व कार्ड पण काढून ठेवा, बाकीच्या योजनांना लागतं, पण 40 टक्के का 60 टक्के यावर ही पेन्शन ठरत नाही, काम करता येतंय का नाही यावर ठरते. शेवटी पीएफ ऑफिस स्वतः मेडिकल बोर्डाकडं पाठवतं आणि त्यांचंच धरलं जातं. तिथं जाताना सगळे रिपोर्ट, एमआरआय, डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत न्या.

आता फॉर्म. पेन्शनच्या अर्जाचा 10डी लागतो. त्यात पेन्शनचा प्रकार विचारलेला असतो, तिथं अपंगत्वाचाच निवडा. पन्नाशीच्या वरच्या माणसांना कुणीतरी सांगतं की लवकरची पेन्शन घ्या, ती 58 च्या आधी जितकी वर्षं तितके 4-4 टक्के कापून मिळते, अपंगत्वाच्या पेन्शनला अशी कपात नाही. आणि 10 वर्षांच्या आतल्या माणसांना 10सी भरायला लावतात. तो भरला की पेन्शनचे पैसे एकरकमी हातात येतात आणि मागची सर्व्हिस संपली. दाजींच्या हातात पण 10सीच दिला होता.

कंपनी नोकरी सुटल्याचं कारण ऑनलाईन टाकते, तिथं "कायमचं अपंगत्व" टाकायला लावा, नुसतं नोकरी सोडली असं टाकलं की पुढं प्रत्येक टेबलावर तेच विचारतात. आधार, बँक आणि यूएएनमधलं (पीएफचा कायमचा खाते नंबर) नाव, जन्मतारीख जुळतेय का ते आधीच बघा, दाजींच्या जन्मतारखेत एक वर्षाचा फरक निघाला आणि त्यातच दोन महिने गेले.

किती मिळते? सरासरी पगार (गेल्या 60 महिन्यांचा, 15 हजाराच्या वर धरत नाहीत) गुणिले सर्व्हिसची वर्षं भागिले 70. दाजींचं 14000 गुणिले 9 भागिले 70, म्हणजे 1800 रुपये. थोडेच आहेत, पण मरेपर्यंत आहेत आणि माघारी अक्काला पण पेन्शन आहे. हिशोब कमी निघाला तरी 2014 च्या सप्टेंबरपासून किमान 1000 आहे. ही झाली पेन्शन, पीएफची स्वतःची जमलेली रक्कम वेगळी, ती फॉर्म 19 नं पूर्ण निघते, आणि तब्येतीमुळं नोकरी सुटली असेल तर पाच वर्षं झालेली नसली तरी त्यावर टॅक्स कापायचा नसतो.

एसटीतल्या भावांसाठी एक सांगायचंय, सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर 2016 च्या अपंग हक्क कायद्यानं काढून टाकता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. आधी तो अर्ज करा.

अर्ज अडकला तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर टाका, क्लेम 20 दिवसांत निकाली काढायचा असतो. दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात पीएफ ऑफिसचा "निधी आपके निकट" चा कॅम्प असतो, बीड, परभणी, हिंगोलीच्या माणसांनी संभाजीनगरला खेटे घालण्याआधी तिथं जाऊन बघावं.

पेन्शन चालू झाली की वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा असतो, नाही दिला की बंद पडते. दाजींचा उजवा अंगठा मशीनवर उमटतच नव्हता, आम्ही डाव्या हाताचं बोट लावून बघितलं, ते पण दोनदा फेल गेलं, शेवटी मोबाईलवर चेहऱ्यानं झालं, घरच्या ओट्यावर, उजेडाकडं तोंड करून बसवलं आणि अक्कानं मागून मान धरली.